आई-आप्पांचं बऱ्हाणपूर: तीन दिवसांच्या कामाच्या नोंदी

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

२६ जानेवारी या वेळी सोमवारी येते. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग सुट्टी. या तीन दिवसांत आई-आप्पांना एखाद्या शहरात पाठवायचं, दोघांनाच, असं आज पक्कं केलं. ठिबकचं डिझाइन असो की पाइपलाइनचा सर्व्हे, मी पहिल्या दिवसापासून वही घालते. या कामालाही वही घातली.

लग्नाला ३८ वर्षं झाली. पंढरपूर, शेगाव, वणीचा गड आणि नात्यातली लग्नं, एवढंच त्यांचं फिरणं. दर वेळी बरोबर पंधरा माणसं. एकदा यात्रा कंपनीबरोबर गेले, तर मुक्कामाला बायका एका हॉलमध्ये आणि पुरुष दुसऱ्या. गुडघ्यामुळे आई मागे राहायची, वाट दाखवणारा पुढे निघून जायचा, आणि आप्पा मध्येच उभे राहून दोन्हीकडे बघायचे. हे आईने मला चार वर्षांनी सांगितलं.

दोघं एकदम घराबाहेर का पडू शकत नाहीत, तेही लिहून ठेवते. आजी ८९ वर्षांची आहे आणि दावणीला म्हैस आहे. त्यामुळे एक गेला की दुसऱ्याने चोपड्यात थांबायचं. म्हणून सलग सुट्टी त्यांना नाही, मला आणि भावाला लागते. मी जळगावहून येणार, तो नाशिकहून येणार, घर आम्ही धरणार आणि ते जाणार. भावाला फोन केला. रजेचा अर्ज उद्याच टाकतो म्हणाला.

२ डिसेंबर, मंगळवार

माझ्या मनात अहमदाबाद होतं. २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेलं भारतातलं ते पहिलं शहर. पोळ म्हणतात ते जुने गल्लीमोहल्ले, लाकडी हवेल्या, साबरमती आश्रम, रात्रीचा माणेक चौक. पण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ जानेवारीचं २५ नोव्हेंबरलाच उघडलं. मी बघेपर्यंत सोयीच्या गाड्यांना वेटिंग. इंदूरला बसने जायचं तर अख्खा दिवस अंग आंबवायचा.

मग कागदावर तास मांडले. तीन दिवसांतला पहिला अर्धा आणि शेवटचा अर्धा दिवस प्रवासाचाच. प्रवास चार तासांच्या वर गेला की आईचा गुडघा दुसरा दिवसही खातो. उरतं काय? म्हणून नियम केला: घरापासून चार तास, त्याच्या पलीकडे बघायचंच नाही.

त्या वर्तुळात एकच जुनं, मोठं, चालत बघावं असं शहर येतं, ते बऱ्हाणपूर. मध्य प्रदेशात गेलं म्हणून आपण त्याला परकं धरतो; पण फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ती राजधानी. आधीची थाळनेरला. थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर, तिन्ही तापीच्या एकाच बाजूला. आमच्या गावावरून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता यावल, फैजपूर, सावदा, रावेर करत सरळ तिथे पोचतो. गाडी बदलायची गरज नाही.

७ डिसेंबर, रविवार

चोपड्याला गेले. आधी आईशी बोलले. "इतला खर्च कसाले करस?" हे अपेक्षितच होतं. मी खर्चावर बोललेच नाही. आजीला सकाळी कोणत्या गोळ्या, दुपारी कोणत्या, एवढं लिहून दे म्हटलं. तिने लगेच कागद घेतला. तिथेच तिचा होकार आला.

आप्पा ३१ वर्षं एसटीत वाहक होते. बऱ्हाणपूरची ड्युटी त्यांनी किती तरी वेळा केलेली. मी विचारलं, "गाव कसं आहे?" म्हणाले, "स्टँड चांगलं माहीत आहे." गाडी लागली की नियंत्रकाकडे नोंद, वे-बिलाचा हिशेब, एक चहा, आणि परतीच्या फेरीची वेळ व्हायची. किल्ल्याचा बुरूज कुठून तरी दिसायचा म्हणे. आत कधी गेले नाहीत.

मग आई चुलीकडूनच बोलली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली ती आप्पांच्याच गाडीने. आप्पांनी इतरांसारखंच तिच्याजवळ येऊन ट्रेमधून तिकीट फाडलं, पैसे स्वतःच्या खिशातले बॅगेत टाकले आणि पुढच्या सीटकडे गेले. पुढेही जेव्हा जेव्हा त्यांच्या गाडीत बसली तेव्हा हे उभे आणि ती बसलेली. एसटीत शेजारी शेजारी बसून दोघांनी प्रवास असा केलेलाच नाही.

भाड्याची गाडी करायचा माझा विचार होता. तो खोडला. एसटीनेच जायचं. आईला महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट, तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच; रावेर सोडून सीमा ओलांडली की पुढचं पूर्ण.

१४ डिसेंबर, रविवार: जागेची पाहणी

नकाशावर विश्वास ठेवून मी कधी साइट सोडत नाही, म्हणून आज एकटी जाऊन आले. जळगावहून पहाटे निघाले, दिवसभर फिरले, रात्री परत.

किल्ला आधी. शाही किल्ला तापीच्या काठावर उभा आहे आणि बऱ्याच ठिकाणी पडलेला आहे. बघायचं ते हमामखाना. छतावरची रंगीत नक्षी अजून जागोजागी टिकून आहे. मान वर करून बराच वेळ बघावं लागतं, म्हणून आईला आधी बसवायचं आणि मग वर बघायला सांगायचं. जमीन उंचसखल, हात धरायला कुणी लागेल, ते आप्पा आहेतच. सकाळी ऊन तिरपं असताना यायचं.

याच शहरात १७ जून १६३१ रोजी मुमताज महल गेली. चौदावं बाळंतपण होतं. नदीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे शाही शिकारबागेत, तिला आधी पुरलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. गावात जो तो ही गोष्ट मोठ्या प्रेमाची म्हणून सांगतो. मला तिथे उभं राहून चौदा हा आकडाच ऐकू येत होता. आईला सांगायचं की नाही, ते ठरलेलं नाही.

जामा मशीद बाजाराच्या गर्दीत आहे, पण आत पाऊल टाकलं की आवाज मागे राहतो. वर घुमट नाही, कमानींमागून कमानी. आत भिंतीवर अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे, देवनागरीत. "श्री सृष्टिकर्त्रे नमः" अशी सुरुवात, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि काळ हिजरीबरोबर विक्रम संवत आणि शकातही. शके १५११, पौष महिना. म्हणजे १५९० चा जानेवारी. मशीद बांधणाऱ्या सुलतानाने तिथी-नक्षत्रासकट मुहूर्त कोरून ठेवला आहे. आप्पा रोज पंचांग बघतात. त्यांना हा लेख अक्षर लावत वाचू द्यायचा, आधी काही सांगायचं नाही.

कुंडी भंडारा. यावर जास्त लिहिणार, कारण हे माझ्या कामातलं आहे. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं. ते वाटेत धरायचं म्हणून विहिरींसारख्या कुंड्यांची रांग खोदली, शंभरावर, आणि तळाशी त्या एकमेकींना भुयारी पाटाने जोडल्या. पाटाला बेताचा उतार. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या वजनाने चालत जाली करंजच्या हौदापर्यंत यायचं आणि तिथून गावात. काळ १६१५ च्या आसपासचा, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखाना इथे असतानाचा. मी डिझाइन करते तेव्हा एका एकरात उतार सांभाळताना घाम फुटतो, आणि हातात लेव्हल मशीन असतं. यांनी हे डोंगराच्या पायथ्यापासून शहरापर्यंत जमिनीच्या पोटात केलं. कुंड्या नुसत्या पाण्यासाठी नाहीत. त्यातून हवा खेळते, उजेड जातो आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. आजच्या किती तरी पाणी योजनांत देखभालीला माणूस आत कसा जाईल याचा विचारच झालेला नसतो. मला तिथे उभी राहून त्या अनाम गवंड्यांना हात जोडावेसे वाटले, आणि जोडले.

खाली जायला लिफ्ट आहे, सुमारे ८० फूट. खालच्या भिंतींवर क्षारांचा पांढरा थर साठलेला, पाणी पायाखालून वाहतं. मार्च २०२४ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. पण आईसाठी: लिफ्ट त्या दिवशी चालू असेलच असं धरायचं नाही, आणि खाली ओलं असतं. वरच्या कुंडीच्या कठड्यावरून वाकून बघितलं तरी पाणी ऐकू येतं. उतरायचं की नाही ते तिने तिथे ठरवावं.

खाण्याचं. मावा जिलबी काळसर, जाड, आतून मऊ, गरमच खायची. आप्पांना साखर आहे, त्यांना एक. दराबा खाल्ला, रवा, तूप आणि साखर घोटून घोटून इतका हलका केलेला की जिभेवर राहत नाही. आईचा दराबा याच्यापेक्षा दाणेदार असतो. तिला चाखवायला हवा, ती दोन दिवस यावर बोलेल.

दिवसाचे ९०० सांगणारा एक रिक्षावाला भेटला, बोलणं मराठीत. त्याचा नंबर घेतला. महत्त्वाचं म्हणजे तो घाई करत नव्हता.

१७ डिसेंबर, बुधवार

राहण्याची जागा. अटी तीन: तळमजला, खोलीत कमोड, सकाळी गरम पाणी. फोटोत सगळ्याच खोल्या छान दिसतात. फोन करून विचारलं की "कितव्या मजल्यावर?" आणि "खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या?" दोघांनी "थोड्या" असं उत्तर दिलं. थोड्या म्हणजे किती ते सांगेना. तिसऱ्याने मोजून सांगितलं: तीन. तिथे आगाऊ रक्कम भरली, दोन रात्रींची.

२८ डिसेंबर, रविवार

भावाने वेळापत्रक करून पाठवलं. शनिवारी मशीद, किल्ला, जाली करंज. रविवारी पहाटे असीरगड, मग कुंडी भंडारा, दर्गा-ए-हकीमी, शाहनवाज खानाचा मकबरा, बेगम शुजाचा खरबुजी घुमट, बडी संगत गुरुद्वारा. सोमवारी आहुखाना आणि राजा जयसिंगाची छत्री. त्याने मन लावून केलं होतं आणि यातलं प्रत्येक ठिकाण बघण्यासारखंच आहे.

मी निम्मं खोडलं. त्याला राग आला. असीरगडावर तर तो अडूनच बसला: दख्खनचं दार, अकबराला १६०१ पर्यंत झुंजवणारा किल्ला, गावापासून वीसेक किलोमीटर, तो सोडायचा? मी म्हटलं, तो तू आणि मी बघू. हे पाहुण्यांना गाव दाखवणं नाही. या दोघांना ३८ वर्षांत एकमेकांसोबत रिकामी दुपार मिळालेली नाही, ती द्यायची आहे. दिवसाला दोनच ठिकाणं, एक सकाळी, एक चारनंतर. मध्ये जेवण आणि झोप. संध्याकाळी राजघाटावर बसायचं, तिथे "काय बघायचं" असं काही लिहायचं नाही.

जयसिंगाची छत्री मात्र ठेवली. मोहना आणि तापीच्या संगमावर ३२ खांबांची. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे १६६७ साली बऱ्हाणपुरातच वारले. संभाजी महाराज गादीवर आल्यावर १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांनी याच शहरावर छापा घातला. आप्पांना हे सगळं तोंडपाठ आहे, फक्त जागेवर उभं राहून सांगायला मिळालेलं नाही. ऐकायला आई असेल.

रात्री उशिरा भावाचा मेसेज आला, "ठीक आहे, गुरुद्वारा पण काढ."

११ जानेवारी २०२६, रविवार

घरची तालीम. म्हैस आईशिवाय कुणाला पान्हा देत नाही. भाऊ खाली बसला तर तिने पाय झाडला. मग आईने तिची रोजची हिरवी साडी मला नेसवली, डोक्यावर पदर, आणि ढेप पुढे ठेवून मला बसवलं. सडाला आधी तेलाचं बोट, मग कोमट पाण्याचा हात, आणि तोंडाने आईसारखंच चुचकारत राहायचं. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग आचळ ताठरले आणि पहिली धार बादलीत वाजली. आई गोठ्याच्या दारात उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

आजीच्या गोळ्यांचा कागद भिंतीला चिकटवला. आजी रात्री दोनदा उठते, तेव्हा कंदिलाएवढा दिवा चालू हवा. भाऊ तिच्या खोलीत झोपणार.

१९ जानेवारी, सोमवार

निवासाच्या माणसाचा फोन. तळमजल्याची खोली देता येत नाही, वर घ्या, भाडं तेच. मी विचारलं, लिफ्ट? नाही. आगाऊ रक्कम भरून महिना झालेला आणि पाच दिवसांवर आलेलं. भांडून उपयोग नव्हता. मी भांडले, आणि पैसे परत देतो एवढं कबूल करून घेतलं.

मग रिक्षावाल्याला फोन केला. त्याने तासाभरात दोन जागा बघून फोटो पाठवले, पायऱ्यांचे सुद्धा. मी न सांगता. स्टेशनकडच्या लालबागची खोली घेतली. किल्ल्यापासून लांब, पण कुंडी भंडारा जवळ. वेळापत्रक उलटं केलं: शनिवारी दुपारनंतर भंडारा, रविवारी सकाळी किल्ला, चारनंतर मशीद, मग घाट. सोमवारी सकाळी फक्त छत्री. आहुखाना गेला.

२३ जानेवारी, शुक्रवार

काल रात्रीच चोपड्याला आले. आईने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, डबा बांधला. तिथे सगळं मिळतं म्हटलं तर, "वाटेत यावलला भूक लागते यांना," म्हणाली. आप्पांच्या ३१ वर्षांच्या डब्यांतून आलेलं ज्ञान आहे ते.

पिशवीत: गुडघ्याचा पट्टा, साखरेच्या गोळ्या, दोन स्वेटर, टॉर्च, आधार कार्ड. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात फक्त वेळा आणि रिक्षावाल्याचा नंबर लिहून दिला. ठिकाणांची माहिती लिहिली नाही. निवृत्तीच्या पासाचा विषय निघाला तर आप्पा म्हणाले, "नको. या वेळी तिकीट काढून जायचं."

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी स्टँडवर सोडलं. आप्पा सवयीने दाराजवळच्या वाहकाच्या सीटकडे वळले, थांबले, आणि मग आत गेले. आई खिडकीशी, ते शेजारी. वाहक तरुण मुलगी होती. तिने मशीन पुढे धरलं आणि विचारलं, "किती?" आप्पा म्हणाले, "दोन. एक महिला." गाडी हलली तरी तिकिटं त्यांच्या हातातच होती.

साडेचारला फोन. लिफ्ट चालू होती. आई उतरली! आप्पा वरच राहिले, त्यांना बंद जागेत गुदमरतं. हे मला माहीतच नव्हतं, कुणालाच नव्हतं. आई खालून त्यांना हाका मारत होती आणि ते वरून ओ देत होते. "पाणी बर्फासारखं आहे," ती म्हणाली, "आणि कुणी ढकलत नाही तरी चालतं."

आजीने दिवसातून सहा वेळा विचारलं, "दोन्ही कोठे गयात?" बऱ्हाणपूरला म्हटलं की तिचं समाधान व्हायचं. सहाव्यांदा म्हणाली, तिचा बाप बैलगाडीने तिथे कापूस न्यायचा. हे घरात आजवर कुणी ऐकलेलं नाही. भावाने लिहून घेतलं.

२५ जानेवारी, रविवार

संध्याकाळच्या धारेला म्हशीने पाय झाडला, दूध निम्मंच. उद्या पुन्हा हिरवी साडी.

किल्ला झाला. रिक्षावाल्याने मुमताजची गोष्ट सांगून टाकलीच. आईचा फोनवर आवाज: "चौदा? माय वं!" मग थोडं थांबून, "त्या शेवटच्या पोरीचं काय झालं गं?" गौहर आरा. जगली, मोठी झाली, मी सांगितलं. "मग बरं," म्हणाली.

मशिदीतला लेख आप्पांनी वाचला. पौष, शुक्ल पक्ष, इथपर्यंत लावला. पंचांगातला पौष आत्ताच संपला, म्हणाले, नेमके आलो.

आठला फोन केला तर उचलला नाही. साडेआठला पुन्हा नाही. नऊला आईने उचलला. राजघाटावर बसले होते, फोन पिशवीत होता. थंडी नाही का, विचारलं. दोघांनी मिळून एक शाल घेतली आहे म्हणाली, आणि आता ठेव.

२६ जानेवारी, सोमवार

छत्रीला गेलेच नाहीत. सकाळी उशिरा उठले, खोलीसमोर शाळेची पोरं झेंडावंदनाला जाताना बघत चहा घेतला, मग बाजारात गेले. मिर्झाराजांचं विचारलं तर आप्पा म्हणाले, "पुढच्या वेळी."

संध्याकाळी साडेसहाला गाडी लागली. दराबा अर्धा किलो, मावा जिलबी थंड झालेली, एक चादर, आजीला लोकरी मोजे. आई घरात न येता आधी गोठ्यात गेली. म्हशीने मान वळवली. आप्पांनी खिशातून जाण्याची आणि येण्याची अशी चारही तिकिटं काढून ट्रान्झिस्टरखाली ठेवली, आणि दराबा दाणेदार हवा होता की नको यावर दोघांचं रात्री दहापर्यंत चाललं होतं.